दोन मांडवी आणि एक लॅपटॉप

बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्याभराच्या अंतराने करायचं ठरलं, तेव्हा मी ऑफिसकडे काही महिने बडोद्याहून काम करायची परवानगी मागितली. ऑफिस मुंबईत. काम हिशेबाचं: पुरवठादारांची बिलं तपासणं, नोंदी करणं, महिनाअखेरीला बँकेचा ताळमेळ लावणं. परवानगी मिळाली, पण अटीवर. काम फक्त कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर करायचं आणि ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत फक्त व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्यातून, जायचं. घरी वायफाय आहे, पासवर्ड टाकला की झालं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो लॅपटॉप घरच्या नेटवर्कमध्ये नीट बसायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी जमेल तसे लिहून ठेवते आहे. माहेरी किंवा सासरी येऊन महिना-महिना काम करणाऱ्या किती जणी ओळखीत आहेत, आणि त्यातल्या दोघींना हीच अडचण आलेली मी नंतर ऐकली.

आमचं घर दांडिया बाजारात. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत खानगी खात्यात कारकून होते, तेव्हापासूनचं. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मधे चौक, मागे स्वयंपाकघर आणि त्यावर माडी. भिंती विटा-चुन्याच्या, बावीस इंच जाड. उन्हाळ्यात बडोदं तापतं तेव्हा या भिंतींचं मोल कळतं. वायफायला मात्र त्या भारी पडतात. त्यात आमचा राउटर बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलेला. पूर्वी तिथे समई असे. जोडणी करायला आलेल्या मुलाने चार वर्षांपूर्वी नीटनेटकं दिसावं म्हणून तिथे बसवला आणि कोणी हलवला नाही. तीन बाजूंनी बावीस इंचांची भिंत आणि पुढे बाबांची पुस्तकं.

मला काम करायला जागा हवी होती ती माडीवर, कारण खाली सकाळपासून माणसांची ये-जा. माडीवर लॅपटॉपला वायफायची एकच काडी दिसायची. इंटरनेटची योजना शंभर एमबीपीएसची, माडीवर पोचत होते सहा. मी आधी राउटर कोनाड्यातून काढून उंच कपाटावर ठेवला. सहाचे अकरा झाले. राउटर दोन पट्ट्यांत सिग्नल सोडतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण जाड भिंतीत लवकर मरतो. दोन-चारवाला भिंतीतून त्यामानाने पार होतो, पण तो संथ, आणि या दाट वस्तीत आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांचे राउटर त्याच पट्टीत बोलत असतात.

नेटवाल्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. भिंतीवर थाप मारून म्हणाला, “बेन, आ दीवाल तो किल्ला जेवी छे.” त्याने सिग्नल पुढे ढकलणारं एक यंत्र घ्यायला सुचवलं. मला ते पटलं नाही. ज्या यंत्रालाच अर्धवट सिग्नल मिळणार, ते पुढे किती देणार? मी वायर ओढायचं ठरवलं, आणि आजही वाटतं की जुन्या घरात एक वायर ओढण्यासारखा दुसरा उपाय नाही. कॅट सिक्सची केबल एका तुकड्यात शंभर मीटरपर्यंत चालते. आम्हाला लागली बावीस मीटर.

प्रश्न होता भिंत फोडण्याचा. चुन्याच्या भिंतीला ड्रिल लावलं की भोक अर्ध्या इंचाचं राहत नाही, ढलपा निघतो. बाबा शेजारी बसून ऐकत होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण घर त्यांना पाठ. म्हणाले, “अगं, टेलिफोनचं भोक आहे ना. माडीवर एक्स्टेन्शन नेलं होतं तेव्हाचं.” जिन्याच्या वरच्या बाजूला, चुना फासून बुजवलेलं, सापडलं. वायरमनने काळजीने मोकळं केलं आणि केबल तिथून वर गेली. एवढंच सांभाळलं की ती विजेच्या तारेला लागून लांबवर नेली नाही. ऑफिसच्या लॅपटॉपला वायर लावायची खाच नव्हती, सडपातळ असल्यामुळे. बाजारातून अडॅप्टर आणण्याआधी मी हेल्पडेस्कला विचारलं, आणि विचारलं ते बरं झालं. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरची यूएसबी साधनं बंद होती. त्यांनी त्यांच्या यादीतला अडॅप्टर कुरिअरने पाठवला. तो यायला तीन दिवस गेले. आला, लावला, वेग चौऱ्याण्णव.

इथपर्यंत सगळं कष्टाचं, पण समजण्यासारखं होतं. पुढचं समजण्यासारखं नव्हतं.

इंटरनेट चालू. मेल येतात. व्हीपीएन जोडलं, हिरवी खूण आली. मीटिंगमध्ये बसले, आवाज स्वच्छ. आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. ते ब्राउझरमध्ये उघडतं, ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. पान लोड होतंय, होतंय, आणि शेवटी पोचता आलं नाही असा संदेश. सामाईक फोल्डरही उघडेना.

हेल्पडेस्कला कळवलं. नेहमीचे उपाय आले: लॅपटॉप बंद करून सुरू करा, ब्राउझरचं साठलेलं पुसा, व्हीपीएन काढून पुन्हा टाका. दोन दिवस त्यात गेले. मी त्यांना दोष देत नाही, दहातल्या आठ तक्रारी अशाच सुटत असतील. पण महिनाअखेर जवळ येत होती आणि बिलांचा ढीग साठत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वैतागून वायर काढली, फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, लॅपटॉप त्याला जोडला आणि व्हीपीएन लावलं. सॉफ्टवेअर लगेच उघडलं. पुन्हा घरच्या वायरवर आले, बंद. पुन्हा हॉटस्पॉट, चालू.

ही तपासणी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. लॅपटॉप तोच, व्हीपीएन तेच, पासवर्ड तोच. बदललं ते फक्त घर. म्हणजे खोट लॅपटॉपमध्ये नाही, ऑफिसातही नाही. आमच्या घरात काहीतरी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरच्या वायरवरच आणखी एक गोष्ट केली. ऑफिसात असताना कधी सर्व्हरचं नाव चालत नसे तेव्हा आम्ही त्याचा आकडी पत्ता टाकायचो, तो माझ्या डायरीत होता: १९२.१६८.१.२०. व्हीपीएन जोडलेलं होतं. पत्ता टाकून एंटर दाबलं. पान उघडलं, पण हिशेबाचं नव्हे. काळी, निळी, पिवळी, गुलाबी अशा चार शाईच्या पट्ट्या, आणि वर प्रिंटरचं मॉडेल. बाबांच्या टेबलाशेजारी असलेला आमचा प्रिंटर.

मी त्या पानाचा फोटो हेल्पडेस्कला पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. या वेळी बोलणारा मुलगा वेगळा होता, शांतपणे ऐकणारा. त्याने एकच प्रश्न विचारला, “मॅडम, तुमच्या घरचा राउटर कुठल्या आकड्यांचे पत्ते देतो?” मी बघून सांगितलं, १९२.१६८.१ ने सुरू होणारे. तो म्हणाला, “आपल्या मुंबई ऑफिसचेही तेच आहेत.”

हे नीट समजून घ्यायला मला ती दुपार लागली. जे समजलं ते आमच्या गावच्या भाषेत सांगते. बडोद्यात रिक्षात बसून “मांडवी” म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. जुन्या शहराच्या मधोमध, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांकडून येणारे रस्ते जिथे मिळतात, तिथे नेऊन सोडतो. पण मांडवी कच्छमध्येही आहे, समुद्रकाठी, जहाजं बांधणारी. सुरत जिल्ह्यात एक आहे. मुंबईतही आहे. मांडवी म्हणजे जकातीची जागा, म्हणून गावोगाव तेच नाव. बडोद्याच्या रिक्षावाल्याला कच्छच्या मांडवीला जायचं आहे हे सुचणारच नाही, कारण त्याच्या समोरच एक मांडवी उभी आहे.

माझा लॅपटॉप तो रिक्षावाला झाला होता.

प्रत्येक लॅपटॉपजवळ एक तक्ता असतो, कुठल्या पत्त्याचं टपाल कुठल्या दाराने धाडायचं याचा. व्हीपीएन जोडलं की ते या तक्त्यात आपली ओळ घालतं. आमच्या कंपनीची ओळ अशी होती: १९२.१६८ ने सुरू होणारं सगळं बोगद्यातून मुंबईला. घरच्या राउटरमुळे आलेली ओळ होती: १९२.१६८.१ ने सुरू होणारं सगळं इथेच, घरात. सर्व्हरच्या पत्त्याला दोन्ही ओळी लागू पडतात. अशा वेळी नियम असा की जी ओळ जास्त नेमकी ती मानायची. घरची ओळ तीन आकडे जुळवते, मुंबईची दोनच. म्हणून टपाल घरातच फिरलं आणि वीस नंबरच्या दारात उभ्या असलेल्या प्रिंटरने ते घेतलं. मेल आणि मीटिंग चालत होत्या कारण त्यांचे सर्व्हर बाहेर, खुल्या इंटरनेटवर आहेत, त्यांचे पत्ते कोणाशी जुळत नाहीत. आणि फोनचा हॉटस्पॉट वेगळ्याच आकड्यांचे पत्ते वाटत होता, म्हणून तिथे गोंधळ नव्हता.

दोन जागी एकच पत्ता असू कसा दिला, हा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर मला फार आवडलं. आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या या आकडी पत्त्यांच्या, जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच बसतात. जगातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देणं शक्य नाही, हे नव्वदीच्या दशकातच दिसू लागलं. मग फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट खासगी म्हणून बाजूला ठेवले. १० ने सुरू होणारे, त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते. १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, साडेदहा लाखांच्या आसपास. आणि १९२.१६८ चे, ६५ हजारांवर. हे कोणीही आपल्या घरात, कार्यालयात वापरावेत, बाहेर पडताना राउटर ते बदलून एका सार्वजनिक पत्त्यामागे झाकतो. लाखो घरांत तेच पत्ते सुखाने नांदतात, कारण ती घरं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. व्हीपीएन मात्र दोन घरं थेट जोडतं, आणि दोघांनीही कारखान्यातून आलेले आकडे तसेच ठेवले असतील तर टक्कर होते. आमच्या घरात ते आकडे कोणी बदलले नव्हते. ऑफिसात, हेल्पडेस्कच्या मुलाने सांगितलं, सुरुवातीला दोन खोल्या आणि एक साधा राउटर होता, तेव्हाचे आकडे पुढे इतक्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिले गेले की आता हलवणं जिकिरीचं झालं आहे.

मी विचारलं, माझ्या लॅपटॉपवर काही जुगाड करता येईल का, त्या एका पत्त्यापुरता? तो ठामपणे नाही म्हणाला. लॅपटॉप कंपनीचा, त्यातले नियम कंपनीचे, एका माणसासाठी वेगळी ओळ घातली की उद्या ती कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या क्षणी मला ते कोरडं वाटलं होतं. आता वाटतं की त्याचं बरोबर होतं. ऑफिसचा लॅपटॉप घरात पाहुणा म्हणून आलेला असतो. त्याच्या बॅगेत हात घालायचा नाही, त्याच्यासाठी जागा करायची ती घराने. वायफायला पहिल्यांदा जोडताना त्या लॅपटॉपने आमच्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ ठरवलं होतं, म्हणजे अनोळखी, आणि ती निवड बदलायचं बटण फिकं करून ठेवलेलं होतं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे तर माझं घर आहे म्हणून. पण लॅपटॉपच्या दृष्टीने रेल्वे स्टेशनवरचं वायफाय आणि आमची माडी यांत फरक करायचं कारण नाही, आणि कंपनीला तेच हवं आहे.

घराचे आकडे बदलायचे ठरले. कुठले घ्यायचे हे मी मनाने ठरवलं नाही, ऑफिस कुठले वापरतं ते विचारलं. १९२.१६८ चा सगळा गट आणि १० चा सगळा गट बोगद्यात जातो, असं उत्तर आलं. मग उरला मधला गट. त्यातही १७२.२० टाळला, कारण आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० चे पत्ते वाटतो आणि बहिणीकडे आयफोन आहे. मी घेतला १७२.२४.५.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बसले. राउटरच्या पानात शिरायला त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड हवा होता. बाबा जवळच होते, त्यांनी हात पुढे केला, राउटर उलटा धरून दिव्याजवळ नेला, डोळ्यांपाशी आणला, लांब धरला. मग काही न बोलता माझ्याकडे परत दिला. मी वाचला. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून सहा दिवस होते.

काम स्वतः पाच मिनिटांचं. लोकल नेटवर्कच्या पानावर राउटरचा पत्ता १७२.२४.५.१ केला, मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग सगळ्या घराचा आणि किती एकेका यंत्राचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० तसाच ठेवला, वाटायच्या पत्त्यांची सीमा १०० ते २०० केली, सेव्ह केलं. पान गोठलं. काही क्षण वाटलं, सगळं बिघडवून ठेवलं. पण ज्या पत्त्यावर मी ते पान बघत होते तो पत्ताच आता नव्हता. कॉम्प्युटर नेटवर्कवरून काढून पुन्हा जोडला, नवा पत्ता टाकला, पान परत आलं.

खरं काम त्यानंतर होतं. फोन, टीव्ही, बाबांचा कॉम्प्युटर बंद करून सुरू केल्यावर आपोआप नवे पत्ते घेऊन बसले. प्रिंटर आणि दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर हरवले. दोघांना कोणीतरी पूर्वी हाताने पत्ते भरून ठेवले होते, ते जुन्याच पत्त्यावर उभे, आणि त्यांची गल्ली उठून गेलेली. प्रिंटरच्या पॅनेलवर जाऊन हाताने भरलेलं काढलं आणि स्वयंचलित केलं. डीव्हीआरला माउस लावून टीव्हीच्या पडद्यावर त्याचा मेन्यू उघडावा लागला. मग राउटरमध्येच त्या दोघांसाठी पत्ते राखून ठेवले, म्हणजे यंत्र मागायला आलं की राउटर त्याला दर वेळी तोच पत्ता देतो. प्रिंटरला पुन्हा वीसच नंबर दिला, १७२.२४.५.२०. हे करणाऱ्याने आकडे बदलायच्या आधीच घरात कोणाकोणाला हाताने पत्ते दिले आहेत ते बघून घ्यावं. मला रात्रीचा एक वाजला.

एक वाजताच माडीवर जाऊन लॅपटॉप उघडला. व्हीपीएन. हिशेबाचं सॉफ्टवेअर. उघडलं. मी खाली येऊन बाबांना सांगितलं, ते जागेच होते.

प्रिंटर ऑफिसच्या लॅपटॉपवर बसवायला व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, ते माझ्याकडे नव्हते. सोमवारी हेल्पडेस्कने मुंबईतून पडदा हातात घेतला, त्यांचा पासवर्ड टाकायच्या वेळी माझ्याकडचा पडदा काळा झाला, आणि दहा मिनिटांत काम झालं. काय छापायचं आणि काय नाही याचे कंपनीचे नियम त्यांनी त्याच वेळी सांगितले.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, ती मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचली होती. सोळा यंत्रं होती. आमच्या घरात आठ. बाकीची गल्लीतल्या मुलांची. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा आईने शेजारच्या दोन घरांना पासवर्ड दिला होता, मुलं आमच्या ओट्यावर बसून तास बघायची. तो पासवर्ड मग हळूहळू पसरला. आई आता नाही. तिने उघडलेलं दार बंद करायचं माझ्या मनात नव्हतं. पण त्याच नेटवर्कवर आता लोकांच्या बिलांचे आणि बँक खात्यांचे तपशील असलेला लॅपटॉप बसणार होता.

शिवाय बाबांचा कॉम्प्युटर. तो विंडोज ७ वर चालतो. त्याला मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. बाबा त्यावर मोडी कागदांचे स्कॅन उघडून बाळबोधीत उतरवतात, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. आपलं कोण काय नेणार, असं म्हणणं सोपं आहे. पण मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवतो, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तो एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की कोणी काही न उघडता त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या, तिसऱ्या कॉम्प्युटरवर जायचा, विंडोजमधल्या फाइल वाटून घेण्याच्या सोयीतली फट वापरून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. शेजारी बसलेलं दुबळं यंत्र ही आपलीच अडचण असते, हे मला त्यातून पटलेलं आहे.

आमच्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढायची सोय होती. त्यावर जोडलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातलं दुसरं काही दिसत नाही, आणि वेगळेपणाचा पर्याय चालू ठेवला तर पाहुणे एकमेकांनाही दिसत नाहीत. आधी वाटलं ऑफिसचा लॅपटॉपच तिकडे ठेवावा. पण मग त्याला प्रिंटर दिसला नसता, आणि माडीवर तो वायरवर होता. म्हणून उलटं केलं. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड बदलला, त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, आमचे फोन. पाहुण्यांच्या नेटवर्कवर टीव्ही, बाबांचा कॉम्प्युटर आणि गल्लीतली मुलं. राउटरच्या पानाचा कारखान्याचा पासवर्डही बदलला आणि बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद केली.

शेजारच्या काकूंना नवा पासवर्ड देताना मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्या आईचंच आहे ते, तू दिलास हेच खूप.” बाबांना सांगणं अवघड गेलं. त्यांना वाटलं, त्यांच्या कॉम्प्युटरला घराबाहेर काढलं. मी त्यांना हात धरून टेबलाशी नेलं, दाखवलं की नेट चालतं, स्कॅन जागेवर आहेत, प्रिंटर यूएसबीच्या तारेने त्यांच्या कॉम्प्युटरलाही जोडून दिला आहे. एक पान छापून त्यांच्या हातात दिलं. मग ते निवळले.

पुढचे तीन महिने काम सुरळीत चाललं. दोन्ही ऑपरेशनं झाली. मधल्या काळात बाबांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. एका जाड वहीत घरातल्या सगळ्या यंत्रांची नोंद केली: यंत्र, खोली, पत्ता, हाताने दिलेला की आपोआप, तारीख. रकाने आखलेले, अक्षर ठसठशीत. पासवर्ड त्यात लिहू नका एवढं मी म्हटलं, ते त्यांनी मानलं. वही समईच्या रिकाम्या कोनाड्यात ठेवली.

मी परत जायच्या आठवड्यात एक दिवस वीज गेली, आली, आणि राउटर सुरूच होईना. नेटवाल्या कंपनीच्या माणसाने दुपारी नवा बसवला, नेट चालू करून दाखवलं आणि गेला. मी माडीवर जाऊन व्हीपीएन लावलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फिरत राहिलं. या वेळी मी हेल्पडेस्कला फोन केला नाही. खाली आले. बाबा नवा चष्मा लावून वही उघडूनच बसले होते.

“पहिली ओळ सांगा,” मी म्हटलं.

“एकशे बहात्तर,” ते वाचू लागले, “चोवीस, पाच, एक. लिहिलंस? आता मास्क.”